हसऱ्या तोंडाचं सुतक

देवबागात थर्माकोलचा खोका घेऊन शिरणं ही साधी गोष्ट नाही. खोका दिसला म्हणजे त्यात बर्फ असणार, बर्फ आहे म्हणजे मासे असणार, आणि मासे आहेत म्हणजे ते कुठले, कितीला घेतले आणि एवढे कशाला घेतले, हे विचारण्याचा हक्क तारकर्लीपासून देवबागच्या टोकापर्यंत प्रत्येकाला असतो. फक्त आजवर हे खोके गावातून मुंबईला जात आले. गेल्या मे महिन्यात माझा भाचा डोंबिवलीहून कोकणकन्येने निघाला, कुडाळला उतरला आणि खोका उलट्या दिशेने घेऊन आला. तेव्हा वाडीत जी शांतता पसरली तशी मी फक्त क्रिकेटचा सामना हरल्यावर पाहिली आहे.

"मुंबयसून मासे हाडलंस? देवबागाक?" शेजारची काकी खळ्यात येऊन म्हणाली. "उद्या आंबे पण वाशीसून हाड."

भाच्याने काही न बोलता झाकण काढलं. आत पाण्याने भरलेल्या दोन पिशव्या होत्या आणि प्रत्येकीत वीतभर लांबीचं एकेक प्रकरण होतं. एक गुलाबीसर पांढरं, एक काळपट. चार पाय, चपटी शेपूट, मानेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन तांबडे झुपके, आणि तोंडावर या कानापासून त्या कानापर्यंत हसू. कान नव्हते, पण असते तर तिथवर गेलं असतं.

"ॲक्झोलॉटल आहेत, आजी. मासे नाहीत, उभयचर. बेडकाचे लांबचे भाऊ."

काकीने चष्मा वर सरकवून पाहिलं. "मेलो हसता कित्याक?"

इथे मालवणी न येणाऱ्यांसाठी एक खुलासा. 'मेलो' म्हणजे मरण पावला, आणि 'मेलो' म्हणजे लाडाने, रागाने किंवा नुसत्या सवयीने दिलेली शिवीसुद्धा. कुठला मेलो जिवंत आणि कुठला खरोखरीचा, हे आवाजावरून ओळखायचं असतं. काकी दिवसातून चाळीस वेळा तरी कोणाला ना कोणाला मेलो म्हणते. पुढे या सवयीने घोटाळा केला.

पांढऱ्याचं नाव मोदक आणि काळ्याचं जांभूळ. "नावां खाऊची, आणि खाऊचो मात्र नाय!" असं म्हणून काकी आत गेली. तिच्या मनातून तो विषय तिथे संपला.

भाच्याच्या मनातून मात्र तो गेली दोन वर्षं संपलेला नाही. त्यामुळे त्या संध्याकाळी आम्हाला पडवीत बसून सगळी कुळकथा ऐकावी लागली. हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीतल्या शोचिमिल्कोच्या पाणथळीतला. बेडकाची पिल्लं वयात आली की कल्ले टाकून जमिनीवर येतात. हा येत नाही. कल्ले, शेपटीचा पडदा, सगळं बाळपणाचं सामान तसंच ठेवून तो पाण्यातच मोठा होतो, तिथेच संसार करतो आणि तिथेच म्हातारा होतो. तिशी उलटली तरी आईकडून डबा भरून घेणारे मुलगे पाहिलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. याचा पाय तुटला तर नवा येतो. १८६४ साली मेक्सिकोतून चौतीस ॲक्झोलॉटल पॅरिसला नेले. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत आणि काचेच्या टाक्यांत जी प्रजा पसरली ती बरीचशी त्यांचीच. २०२१ साली मेक्सिकोने त्याला पन्नास पेसोच्या नोटेवरही छापलं. एवढा मान मिळाला, पण मूळ गावात तो आता नावापुरता उरलाय. गावचं घर बंद आणि बाहेरगावी वंशाची भरभराट, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. वाडीतल्या पाचपैकी तीन घरांचा इतिहास हाच आहे.

"पण दोन कशाला?" मी विचारलं.

"एकटा पडू नये म्हणून, मामा."

इथून गोष्ट बिघडायला सुरुवात झाली.

या प्राण्याला पाणी सोळा ते अठरा अंशांचं लागतं. डोंबिवलीच्या घरी त्यासाठी चिलर आहे. म्हणजे घरात माणसं पंख्याखाली घामाघूम आणि मोदक-जांभूळ महाबळेश्वरात. देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. मे महिन्यात या पट्टीवर थंड म्हणावं असं काही नसतं. भाच्याची योजना अशी की टाकीत बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या आळीपाळीने सोडायच्या. त्यासाठी काकीच्या फ्रीजरमधले सुरमईचे तुकडे बाहेर आले आणि सहा बाटल्या आत गेल्या. ही नोंद काकीने मनात कुठेतरी करून ठेवली.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी वळीव आला, वारं सुटलं, एक चुडत तारेवर पडलं आणि वीज गेली. ती दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आली. तोवर बाटल्यांचं पाणी झालं होतं आणि टाकीचं कढण.

वीज यायच्या आधी, सकाळी, काकी टाकीपाशी उभी राहून ओरडली, "मेलो!"

कोणी मान वर केली नाही. तेवढ्या सकाळी तिने दूधवाल्याला, कोंबड्याला आणि माझ्या मोबाइलला मेलो म्हटलं होतं.

"अरे, मेलो मेलो!" काकी पुन्हा ओरडली, आणि या दोन मेलोंमधला फरक आमच्या कानांना जाणवेपर्यंत भाचा टाकीपाशी पोचला होता. मोदक उलटा तरंगत होता. हसत.

त्याला माडाच्या मुळाशी पुरलं. माडाला माशाचं खत चांगलं, असं कोणीतरी हळूच म्हणालं आणि भाच्याने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपला माडच घेऊन घरी जातो की काय असं वाटलं.

आता राहिला जांभूळ. तो कोपऱ्यात बसला. चिमट्यात धरून गांडूळ तोंडापाशी नेलं तर तोंड फिरवलं. संध्याकाळीही तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. भाच्याने मला बाजूला घेतलं. "मामा, त्याला कळलं असेल का?"

मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. पण या प्रश्नाला माझ्याकडे ना व्याकरण होतं ना दाखला. मी म्हटलं, "बघू."

मे महिना संपत आला की डॉल्फिन दाखवणाऱ्या, पर्यटकांना त्सुनामी आयलंडवर सोडणाऱ्या होड्या पावसाळ्यासाठी वर ओढतात. होड्या वर आल्या की माणसं मोकळी होतात, आणि मोकळ्या माणसांच्या कानावर बातमी गेली की आमच्याकडे एक प्राणी दुःखात आहे. लोक भेटायला येऊ लागले. चप्पल बाहेर काढून यायचे, टाकीसमोर बसायचे, थोडा वेळ गप्प राहायचे आणि मग भाच्याला विचारायचे, "कसां झालां?" भाचा पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. वळीव, चुडत, वीज. ऐकणारा मान हलवायचा आणि चहा घेऊन जायचा. एका होडीवाल्याने ठामपणे सांगितलं की डॉल्फिनला कळतं. भाच्याने त्याला लगेच दुजोरा दिला: २०१८ साली अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळ डॉल्फिनच्याच कुळातल्या एका ऑर्का मादीने आपलं मेलेलं पिल्लू सतरा दिवस वाहून नेलं होतं. यावर सगळे गंभीर झाले. मग एकाने विचारलं, "पण ह्यो डॉल्फिन खंय आसा?"

प्रश्न रास्त होता. दुःख ओळखायच्या आपल्याकडे चार खुणा आहेत. माणूस जेवत नाही, कोपरा धरून बसतो, बोलत नाही आणि एका जागी टक लावून बघतो. जांभूळमध्ये चारही होत्या. अडचण एवढीच की उभयचर प्राणी सुखात असतानाही नेमकं हेच करतो. आमच्या विहिरीच्या कठड्याखाली एक बेडूक मी वर्षानुवर्षं पाहतोय; कोपऱ्यात बसतो, आठवडाभर काही खाल्लेलं दिसत नाही, उन्हाळाभर अवाक्षर काढत नाही आणि एकटक बघतो. या चार खुणांच्या हिशेबाने बेडकाची अख्खी जात जन्मतःच सुतकात आहे.

डोळ्यांवरून काही कळावं तर तीही सोय नाही. बेडूक डोळे मिटतो तेव्हा त्याला गहिवरून आलेलं नसतं. तो गिळत असतो. घास घशाखाली लोटायला त्याचे डोळे आत दबतात आणि टाळ्याच्या बाजूने मदत करतात. तेराव्याच्या जेवणाला असे डोळे मिटणारे मीही पाहिले आहेत, पण त्यांच्याबद्दल इथे नको. ॲक्झोलॉटलला तर पापण्याच नाहीत. तो डोळे मिटूच शकत नाही. त्यात तोंडाची ठेवण अशी की उभ्या आयुष्यात हसू मावळत नाही. आमच्या वाडीत लोकांना तेच खटकलं. "सोबती गेलो आणि ह्यो हसता," असं एक म्हातारी जाताना म्हणाली, आणि जांभूळचं नाव त्या दिवसापासून थोडं खराब झालं.

भाचा रात्रभर वाचत बसायचा. सकाळी मला बातम्या मिळायच्या. पहिली वाईट होती. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बेडकाला आणि सरड्याला हळुवार हाताळून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. सरड्याचे वाढले. बेडकाचे वाढले नाहीत. म्हणजे भावनेच्या परीक्षेत सरडा पास, जो आपल्याकडे फक्त रंग बदलण्यासाठी बदनाम आहे. दुसरी बातमी आणखी वाईट होती. ॲमेझॉनच्या जंगलातल्या एका भेकाचे नर मेलेल्या मादीलाही मिठी मारून राहतात. ऐकूनच भाच्याचे डोळे भरले असते, पण पुढे लिहिलं होतं की ते मिठीने तिच्या पोटातली अंडी बाहेर काढतात आणि फळवतात. आपण ज्याला विरह म्हटलं असतं तो शेवटी वारसाहक्काचा व्यवहार निघाला.

तिसरी बातमी चांगली होती. पेरूमध्ये नखाएवढा एक विषारी बेडूक आहे. त्याची नर-मादी जोडी एकनिष्ठ असते. पानांच्या बेचक्यात साठलेल्या घोटभर पाण्यात एकेक पिल्लू ठेवायचं, बापाने ती पाठीवरून पोचवायची, आईने त्यांना खायला न फळलेली अंडी घालायची. इतक्या हलाखीच्या संसारात भानगडी परवडत नाहीत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की या नराच्या अंगातला ताणाचा स्राव त्याच्या जोडीदारणीच्या पातळीशी जुळतो. परक्या मादीशी जुळत नाही. बायकोचं टेन्शन नवऱ्याला येतं, शेजारणीचं येत नाही. संसार व्हायला याहून जास्त काय लागतं?

"म्हणजे वाटतं त्यांना," भाचा म्हणाला.

"त्या बेडकाला," मी म्हटलं. "हा त्याचा लांबचा भाऊ. आणि मोदक याची बायको नव्हता."

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "एका टाकीत दोन वर्षं राहिले, मामा." यावरही माझ्याकडे दाखला नव्हता.

एका शेजाऱ्याने सुचवलं की याला विहिरीत सोडा, बेडकांची सोबत होईल. भाचा दचकला. परका प्राणी इथल्या पाण्यात सोडायचा नसतो, हे त्याने समजावलं, आणि आपला बेडूक टाकीत ठेवायचा नसतो, हेही. त्याला १९७२चा वन्यजीव कायदा आहे. मला मात्र विहिरीवरून भलतंच सुचलं. शाळेत मी 'कूपमंडूक' हा शब्द शेकडो मुलांना शिकवला. विहिरीतला बेडूक, ज्याला जग माहीत नाही असा. देवबागच्या बेडकाला हे लागू नाही. बेडकाची कातडी पाणी शोषते. खारं पाणी त्याला सोसत नाही. इथे डावीकडे खारा समुद्र, उजवीकडे खारी खाडी. गोड पाणी तेवढं वाळूखाली, विहिरीत, तेही जास्त उपसलं की मचूळ होतं. अशा ठिकाणी जो बेडूक विहिरीत बसून राहतो तो अडाणी नसतो. त्याने भूगोल नीट वाचलेला असतो.

खरं तर बेडकाच्या बाबतीत आपण माणसांनी काही बाकी ठेवलेलं नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात त्याच्यावर आख्खं सूक्त आहे. पहिल्या पावसात ओरडणाऱ्या बेडकांना मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांची उपमा दिली आहे. पाऊस लांबला की काही गावांत धोंडी मागताना त्यालाही बरोबर फिरवतात. २०१९ साली भोपाळमध्ये पावसासाठी जुलैत बेडकांचं लग्न लावलं, आणि पाऊस थांबेना म्हणून सप्टेंबरात त्यांचा काडीमोड केला. आमच्याच जिल्ह्यात आंबोलीला पावसाळी रात्री पुण्या-मुंबईची माणसं टॉर्च घेऊन बेडूक बघायला फिरतात. वेद झाला, लग्न झालं, घटस्फोट झाला, पर्यटन झालं. सुतक तेवढं राहिलं होतं. ते आमच्या पडवीत सुरू होतं.

मोदक गेल्याच्या पाचव्या दिवशी भाचा हट्टाला पेटला. चिमट्यात गांडूळ धरून तो टाकीसमोर उभा राहिला आणि मी त्याच्या मागे. दहाव्याला पिंडासमोर उभे राहतात तसे. कावळा शिवत नाही म्हणजे कसली तरी इच्छा राहिली आहे, आणि मग घरातला एकेकजण पुढे होऊन शब्द देतो: धाकट्याचं लग्न करू, जमीन विकणार नाही, म्हातारीला सांभाळू. भाच्यानेही सुरू केलं.

"तुला दुसरा सोबती आणतो." जांभूळने तोंड फिरवलं.

त्याला कारण होतं. ॲक्झोलॉटल मुळात एकटा राहणारा प्राणी आहे. दोघांना एकत्र ठेवलं की भुकेच्या भरात एकमेकांचे पाय तोडतात. पाय पुन्हा येतो ही गोष्ट वेगळी. सांत्वनाला यायचं आणि जाताना पाय घेऊन जायचं, हे काही नातेवाइकांनाही जमतं, पण निदान ते आपण होऊन येतात.

"बरं, दुसरा आणत नाही." हललाही नाही.

"घरी मोठी टाकी घेतो." नाही.

"यापुढे तुला गावाला आणणार नाही." यावर शेपूट किंचित हलली असं मला वाटलं, पण ते वाऱ्यानेही असेल.

काकी मागून आली. तिने भाच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही, जांभूळकडेही पाहिलं नाही. तिने टाकीत बोट बुडवलं.

"पाणी बघलंस काय? ह्येची चाय होयत."

भाच्याने थर्मामीटर पाहिला. एकोणतीस. वीज येऊन तीन दिवस झाले होते, पण भेटायला येणाऱ्यांच्या चहात आणि रात्रीच्या वाचनात बाटल्या बदलायचं राहून गेलं होतं. पाणीही बदललं नव्हतं. बिचारा दुःखात आहे, त्याला आता हलवायला नको म्हणून. म्हणजे ज्या पाण्याने मोदकला मारलं त्याच पाण्यात आम्ही जांभूळला बसवून त्याच्या दुःखाची चर्चा करत होतो. टाकीतला एक गेला आणि दुसरा गप्प झाला तर आधी पाण्याला हात लावायचा, ही या धंद्यातली पहिली गोष्ट. भाच्याला ती माहीत होती. पण समोर दुःख दिसलं की माणूस थर्मामीटर बघायचा विसरतो.

काकी किनाऱ्यावर गेली आणि एका होडीवाल्याकडून पिशवीभर बर्फ घेऊन आली. थर्माकोलचा खोका परत निघाला. त्यात बादली, बादलीत विहिरीचं ताजं पाणी आणि जांभूळ, बादलीभोवती बर्फाच्या बांधलेल्या पिशव्या. एकदम गार करायचं नाही म्हणून भाचा तासातासाने अंश मोजत होता. काकीने झाकण अर्धं लावलं आणि हात पुसत म्हणाली, "मासो तो मासो. बर्फातच बरो."

"आजी, मासा नाही तो..." भाचा म्हणाला, पण वाक्य पुरं केलं नाही. रात्री साडेनऊला जांभूळने गांडूळ ओढून घेतलं. एवढं झटकन, की चिमट्याला कळलं नाही.

त्या रात्री जेवणं उशिरा झाली. काकी भांडी विसळत होती, भाचा शेजारी बसला होता. त्याला वाईट वाटत होतं, आणि नक्की कशाचं ते ठरत नव्हतं. मोदक आपल्या चुकीने गेला याचं, की जांभूळला त्याचं काही वाटलं नसावं याचं.

"तुझे आजोबा गेले ना," काकी म्हणाली, "तेव्हा सगळी येयत आणि इचारीत, जेवलंस काय? मी गप. सगळी म्हणाली, खचली बिचारी."

"मग?"

"पंप बंद होतो. घरात तीस माणसां आणि पाण्याचो थेंब नाय. खंय बडवलो काय चालू होता, तां ह्येंकाच ठावक." तिने शेवटचं ताट पालथं घातलं. "एकान पण पंपाकडे बघूक नाय."

भाचा जूनच्या पहिल्या आठवड्यात परत गेला. कुडाळच्या रिक्षावाल्याने खोक्याकडे बघून समाधानाने विचारलं, "सुरमय ना?" आणि भाचा "हो" म्हणाला. त्याच दिवशी पाऊस लागला, आणि विहिरीतले कूपमंडूक वर्षभराचं मौन सोडून असे ओरडायला लागले की घरातला टीव्ही ऐकू येईना.

परवा मी काकीला म्हटलं, जुना पंप काढून टाकू, नवीन आणू. तिने ऐकलं नाहीसं केलं आणि विहिरीकडे गेली. बटण दाबलं, काही नाही. तिने डाव्या बाजूला, खालच्या अंगाला, तळहाताने एकदा बडवला. मग थांबली. पुन्हा एकदा बडवला. पंप घरघरला आणि पन्हळीत पाणी पडलं.

"चालू झालो मेलो," काकी म्हणाली, आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिली.